डोळ्यांनी पाहिलेल्या अपघाताची भरपाई मिळते का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही घोटाळा झाला असेल तर इथेच कळेल. तुमचा भाऊ तीस वर्षांचा, ठेकेदार कंपनीच्या ॲम्ब्युलन्सवर ईएमटी (वाटेत रुग्णाला तातडीचे उपचार देणारा), पगार सतरा हजार. ऑगस्ट २०२५ मध्ये मानपूरच्या पुढे घाटात पेटलेल्या गाडीतून त्यानं आणि पायलटनं (ॲम्ब्युलन्सच्या चालकानं) दोन मुलांना बाहेर काढलं. त्यातलं एक इंदूरला पोचायच्या आधीच त्याच्या हातांत गेलं. पुढे काही दिवस तो ड्यूटीवर जात राहिला. मग झोप उडाली, सायरन ऐकला की हात थरथरायला लागले, कॅज्युअल्टीच्या दारापर्यंत जायचा आणि परत फिरायचा. आता घरीच आहे. सुपरवायझर म्हणतो, ‘हाड मोडलं असतं तर काही करता आलं असतं, डोक्याचं कायद्यात काही नाही. राजीनामा दे, एक पगार जास्तीचा काढून देतो.’ तो खरं बोलतोय का, असं तुम्ही विचारलंय.

अर्धं खरं बोलतोय, आणि त्याच अर्ध्याच्या जोरावर राजीनामा मागतोय. मी इंदूरच्या श्रम न्यायालयात बरीच वर्षं कामगारांच्या बाजूनं भरपाईचे दावे चालवतो. अशा प्रकरणात ‘मानसिक आजार कायद्यात आहे की नाही’ या प्रश्नावर सगळे अडकून पडतात. खरी लढाई तिथे होतच नाही. ती होते दोन ठिकाणी: भाऊ ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, आहे का, आणि त्याचं आजारपण एका ठरावीक तारखेच्या, ठरावीक घटनेला कागदावर बांधता येतं का.

पण त्याआधी राजीनामा. तो देऊ नका. राजीनामा दिल्यानं झालेल्या घटनेच्या भरपाईचा हक्क मरत नाही हे खरं, पण पुढचं सगळं अवघड होऊन बसतं. भाऊ ईएसआयमध्ये असेल आणि आजारपणाचा किंवा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ घेत असेल, तर त्या काळात मालकाला त्याला कामावरून काढता येत नाही. १९४८च्या ईएसआय कायद्याचं कलम ७३ तसं स्पष्ट सांगतं, त्या काळात दिलेली बडतर्फीची नोटीससुद्धा बेकायदा ठरते. मात्र हे संरक्षण काढून टाकण्यापासून आहे, स्वतःच्या सहीनं निघून जाण्यापासून नाही. सुपरवायझरला एवढी घाई का, हे आता लक्षात आलं असेल. पुन्हा फोन आला तर भावानं एवढंच म्हणावं, ‘तब्येत बरी नाही, डॉक्टरांची पर्ची पाठवतो.’ आणि ती खरोखर पाठवावी, व्हॉट्सॲपवर आणि रजिस्टर्ड पोस्टानंही.

आता ईएसआय. पगारपत्रक काढून बघा, ०.७५ टक्के कपात दिसते का. महिना २१ हजारांपर्यंतच्या पगाराला ही योजना लागू होते, तेव्हा सतरा हजारवाला साधारणपणे त्यात असायला हवा. कधीकधी ठेकेदार कपात करतो आणि भरणा करत नाही. तसं असलं तरी घाबरू नका, कामगाराचा लाभ त्यामुळे बुडत नाही, ईएसआयचं महामंडळ ती रक्कम मालकाकडून वसूल करतं. विमा क्रमांक सापडला की नंदानगरला जा. आपल्याकडे प्रादेशिक कार्यालयही तिथेच आहे आणि ईएसआयचा दवाखानाही. भाऊ विमाधारक निघाला तर १९२३च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली वेगळा दावा करता येणार नाही, ईएसआय कायद्याचं कलम ५३ तो रस्ता बंद करतं. त्यात दुःख मानू नका, का ते हिशेबात दिसेल.

ईएसआयमध्ये दोन दारं आहेत. एक साधं आजारपणाचं: पगाराच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. यात आजार कामामुळे झाला की नाही हे कोणी विचारत नाही, ईएसआयच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि पुरेशा वर्गण्या असल्या की पुरे. दुसरं दार रोजगार-इजेचं: तात्पुरत्या अपंगत्वासाठी पगाराच्या ९० टक्के, अपंगत्व टिकेल तोवर, आणि वर्गणीची कुठलीही अट नाही. भांडण या दुसऱ्या दाराशी होतं. मी माणसांना सांगतो, पहिल्या दारातून आज आत शिरा, घरात पैसे येऊ द्या, आणि दुसऱ्यासाठी अर्ज त्याच आठवड्यात टाका. अपघाताचा अहवाल फॉर्म १२ वर मालकानं द्यायचा असतो. तो टाळत असेल तर शाखा व्यवस्थापकाला स्वतः लिहून द्या आणि पोचशिक्का घ्या. वाढीव आजारपणाचा लाभही असतो, ठरावीक दीर्घ आजारांसाठी ८० टक्के, पण त्या यादीत मनोविकारांपैकी स्किझोफ्रेनिया, तीव्र नैराश्य, उन्माद-नैराश्य असे मोजकेच आहेत. आघातानंतरचा मानसिक ताण, ज्याला डॉक्टर पीटीएसडी म्हणतात, तो त्यात नाही.

भाऊ ईएसआयमध्ये नसेल तर १९२३चा कायदा. सुपरवायझरच्या बोलण्यातलं अर्धं खरं इथे येतं. या कायद्याला एक तिसरी अनुसूची आहे, व्यवसायजन्य रोगांची. आरोग्यसेवेतल्या कामगाराला कामावर संसर्गजन्य रोग जडला तर तो या यादीत बसतो. म्हणजे ॲम्ब्युलन्समधल्या रुग्णाकडून भावाला क्षय झाला असता तर वाट बरीच सोपी होती. पीटीएसडी मात्र त्या यादीत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०१० साली आपल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत तो घातला, आपण नाही घातला. आणि कायदा पुढे असंही म्हणतो की यादीत नसलेल्या रोगाची भरपाई तेव्हाच, जेव्हा तो कामावरच्या एखाद्या विशिष्ट अपघाती इजेतून थेट उद्भवला असेल.

सुपरवायझर इथेच थांबतो. मी इथून सुरुवात करतो. कलम ३ मध्ये भरपाई ‘वैयक्तिक इजे’साठी आहे, शारीरिक इजा असं तिथे म्हटलेलं नाही. आणि ‘अपघात’ म्हणजे गाडीला गाडी धडकणं एवढंच नव्हे. कामगाराच्या दृष्टीनं अकल्पित, अनपेक्षित असं काही कामावर घडलं आणि त्यानं त्याला इजा झाली, तर तो अपघात, हा अर्थ आपल्या न्यायालयांनी फार पूर्वीपासून धरला आहे. हृदयविकाराच्या खटल्यांत तो सर्वांत स्पष्ट दिसतो. एक ट्रकचालक दिल्लीहून हजारावर किलोमीटर गाडी चालवत आला, अस्वस्थ वाटलं म्हणून गाडी रस्त्याकडेला लावली आणि गेला. अंगावर ओरखडा नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं त्या प्रवासाचा ताण पाहून भरपाई दिली, निकाल २०१३च्या निकालसंग्रहात आहे. उलट २००६ मध्ये वाहनावरच्या एका क्लीनरच्या आईचा दावा त्याच न्यायालयानं फेटाळला. मृत्यू हृदयविकारानंच, पण कामाचा असा काही विशेष ताण होता याचा पुरावा फाइलमध्ये नव्हता. दोन्ही निकाल मी एकत्र वाचतो. ताण होता असं म्हणून भागत नाही. कोणता, कुठे, किती वाजता, ते दाखवावं लागतं.

तुमच्या भावाच्या बाजूनं मोठी गोष्ट ही की त्याच्याकडे तारीख आहे. त्या रात्रीचा केस आयडी आहे, पीसीआर फॉर्म (गाडीतल्या रुग्णाची नोंद) त्याच्या हातचा आहे, गाडीचा जीपीएस आहे, कॅज्युअल्टीच्या रजिस्टरात मुलाची नोंद आहे, पोलिसांचा पंचनामा आहे. शेजारी बसलेला पायलट साक्षीदार आहे. यातलं बरंचसं कंपनीच्या ताब्यात असतं आणि काही महिन्यांनी ‘मिळत नाही’ होऊन जातं, म्हणून आत्ताच लेखी मागा. भावाच्या फोनमध्ये त्या रात्रीचे कॉल आणि ग्रुपवरचे मेसेज असतील, ते पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

डॉक्टरांच्या कागदावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्या अनुभवात निम्मे दावे इथे कोसळतात. माणूस घाबरत, लाजत ओपीडीत जातो. डॉक्टर विचारतात काय होतं, तो म्हणतो झोप येत नाही. पर्चीवर येतं: झोप न लागणे, अस्वस्थता, दोन गोळ्या, पंधरा दिवसांनी दाखवा. दोन वर्षांनी तीच पर्ची न्यायालयात उघडली जाते आणि समोरचे वकील शांतपणे विचारतात, ‘यात ॲम्ब्युलन्सचा, आगीचा, मुलाचा उल्लेख कुठे आहे? झोप तर उधारी असलेल्यालाही येत नाही.’ उत्तर नसतं. म्हणून पहिल्याच भेटीत भावानं, किंवा त्याला बोलवत नसेल तर तुम्ही, सांगायचं: काम काय, कोणत्या तारखेला काय घडलं, आधी असा त्रास नव्हता, घटनेनंतर किती दिवसांनी सुरू झाला. आणि डॉक्टरांना विनंती करायची की हे इतिहास म्हणून लिहा. निदान काय लिहायचं ते त्यांना सांगायचं नाही, तो त्यांचा अधिकार. सुरुवातीच्या आठवड्यांत ते ‘तीव्र ताण प्रतिक्रिया’ असं काही लिहितील आणि पीटीएसडी नंतर. त्यात विसंगती नाही, त्रास महिनाभर टिकल्याशिवाय बहुतेक मानसोपचारतज्ज्ञ ते निदान करत नाहीत. ईएसआयचा डॉक्टर, एमवाय या सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग किंवा बाणगंगेचं सरकारी मनोरुग्णालय, कुठेही दाखवा, पण मानसोपचारतज्ज्ञालाच दाखवा. ‘बाणगंगेला’ म्हटलं की आपल्या लोकांची मान खाली जाते हे मला ठाऊक आहे. न्यायालयात त्याच शिक्क्याला सर्वांत जास्त वजन असतं. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे.

उलटतपासणीत काय होतं तेही सांगून ठेवतो, कारण ते तुमच्या भावाला सोसायचं आहे. एका शववाहिकेच्या चालकाचं प्रकरण माझ्याकडे होतं. विमा कंपनीच्या वकिलांनी पहिला प्रश्न केला, ‘जखम कुठे आहे, दाखवा.’ मग, लग्नात नाचतानाचा फेसबुकवरचा फोटो. मग, ‘मृतदेह नेणं हेच तुमचं काम, त्यात अनपेक्षित काय?’ हा शेवटचा प्रश्न खरा धोक्याचा आहे. ईएमटीलाही तो विचारतील: प्रशिक्षण घेतलंत, रोज रक्त बघता, मग यात अपघात कसला? यावर मी रोजचं काम आणि ती रात्र यांतला फरक उभा करतो. त्या चालकाला त्या दिवशी एकट्यानं, मदतनीस न देता पाठवलं होतं आणि गोणीत काय आहे हे सांगितलं नव्हतं. तुमच्या भावाच्या बाबतीत विचारायला हवं: आगीतून माणूस काढणं हे ईएमटीचं काम होतं का? फायर ब्रिगेड पोचली होती का? दुसरी गाडी मागवली होती का, आली का? त्यानंतर लगेच पुढची केस दिली की ड्यूटी सोडवली? बारा तासांच्या ड्यूटीचा तो कितवा तास होता? हे रोस्टरमधून निघतं. फोटोचं काय करायचं तर काही नाही, माणूस आजारी असताना बहिणीच्या लग्नात हसतो, न्यायाधीशांनाही बहिणी असतात.

खोटी तारीख मात्र घालू नका. हे मुद्दाम लिहितोय, कारण तुमचा प्रश्न वाचणाऱ्यांत असे बरेच असतील ज्यांच्याकडे एक रात्र नाही, वर्षानुवर्षं साचलेलं आहे. रोजचे मृत्यू, रोजच्या शिव्या, कोविडमधली ड्यूटी. त्यांची केस कायद्यापुढे सर्वांत दुबळी आहे, आणि त्रास मात्र बहुधा सर्वांत खोल. तेव्हा कोणीतरी सल्ला देतो, एखादी तारीख धरून द्या. जीपीएस आणि पीसीआर ती तारीख अर्ध्या तासात पाडतात आणि मग खरंही खोटं ठरतं. साचलेल्या आजारात शेवटचा कडेलोट करणारी खरी घटना असेल तर तीच सांगावी, आधीचं सगळं पार्श्वभूमी म्हणून. तशी घटना नसेल तर ईएसआयचं पहिलं दार, रजा, बदली यांवर जोर द्यावा. ३० मार्च २०२३ला इंदूरच्या बेलेश्वर महादेव मंदिरातल्या बावडीवरचं (पायऱ्यांच्या विहिरीवरचं) छत कोसळलं, ३६ माणसं गेली. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही बचावकार्य चाललं. तिथे उतरलेल्या कोणालाही घटना सिद्ध करायची वेळ आली तर सारं शहर साक्षीला आहे. बायपासवर मंगळवारी दुपारी झालेल्या अपघाताला एक पीसीआर फॉर्मच साक्षी असतो.

काही ठिकाणी कायद्यानंच हा भार उचलला आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतानं २०१६ पासून अग्निशामक, पोलीस, पॅरामेडिक यांना पीटीएसडी झाला तर तो कामामुळेच झाला असं गृहीत धरायचं ठरवलं, नाही म्हणणाऱ्यानं सिद्ध करायचं. कॅलिफोर्नियानं २०२० पासून अग्निशामक आणि पोलिसांसाठी तसंच केलं. आपल्याकडे असं गृहीतक नाही. पण ईएसआय कायद्यात कलम ५१-अ आहे, आणि ते फारसं कोणी वापरत नाही याचं मला नवल वाटतं: कामाच्या ओघात अपघात घडला एवढं दाखवलं की तो कामामुळेच घडला असं धरून चालायचं, उलट पुरावा येईपर्यंत. अर्जात ते कलम लिहून टाका.

आता पैसे. ईएसआयमध्ये सतरा हजारांवर ९० टक्के म्हणजे महिन्याला साधारण १५,३०० होतात, आजारपणाच्या दारातून साधारण ११,९००. १९२३च्या कायद्यात हिशेबाला पगार जास्तीत जास्त १५ हजार धरतात, ही मर्यादा जानेवारी २०२० पासूनची, आधी आठ हजार होती. तात्पुरत्या अपंगत्वाला दर पंधरवड्याला त्याचे २५ टक्के, म्हणजे ३,७५०, महिन्याला साडेसात हजार, फार तर पाच वर्षं. म्हणून म्हटलं, ईएसआय निघालं तर दुःख मानू नका. कायमचं अपंगत्व डॉक्टरांनी टक्केवारीत काढलं तर १९२३च्या कायद्यात वयाचा गुणक लागतो. तीस वर्षांना तो २०७.९८ आहे. कमाईची क्षमता २० टक्के घटली असं ठरलं तर १५ हजारांचे ६० टक्के, गुणिले २०७.९८, त्याचे २० टक्के: ३,७४,३६४ रुपये. महिन्याभरात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसताना टाळलं तर निम्म्यापर्यंत दंड. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा, म्हणून गोळ्यांची बिलं जपा. पण टक्केवारी काढून घ्यायची घाई करू नका. उपचार चालू असताना काढलेला आकडा एक तर टिकत नाही, नाही तर कमी येतो.

१९२३च्या कायद्यात ॲम्ब्युलन्सचा चालक, मदतनीस किंवा ‘मोटार वाहनाच्या संबंधात इतर कोणत्याही कामासाठी’ नेमलेला माणूस कर्मचारी ठरतो, त्यामुळे ईएमटी बाहेर पडत नाही. फायर ब्रिगेडचे लोक दुसऱ्या अनुसूचीत आहेतच. कंपनीचं कार्यालय दुसऱ्या राज्यात असलं तरी दावा तुम्ही राहता तिथे, म्हणजे इंदूरला लावता येतो. इथे श्रम न्यायालयाचे न्यायाधीशच भरपाई आयुक्त म्हणून बसतात. मी ठेकेदार आणि ठेका देणारा विभाग दोघांनाही अनावेदक (ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो पक्ष) करतो, कारण कलम १२ खाली मुख्य मालकावरही जबाबदारी टाकता येते. मुदत घटनेपासून दोन वर्षं, तुमच्यासाठी ऑगस्ट २०२७. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर बसू नका. आणि नोटीस शक्य तितक्या लवकर द्या. साध्या भाषेत, कोणत्या तारखेला काय झालं आणि काय त्रास होतो, एवढीच. तिला वकील लागत नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत गेले. त्यानंतरच्या घटनांना कलमांचे आकडे बदलतील, पण मनाच्या इजेचा पेच तिथेही तसाच आहे. तुमच्या भावाची घटना आधीची, म्हणून मी जुनीच कलमं लिहिली. कायम सरकारी नोकरीतल्या पोलीस आणि बचाव दलातल्या लोकांना सेवानियम आणि असाधारण निवृत्तिवेतन बघावं लागेल. त्यांच्यासाठी २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० मोठा आधार आहे: नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेनं काढायचं नाही, पद कमी करायचं नाही, झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं. मानसिक आजार त्या कायद्यात येतो.

तुमचा शेवटचा प्रश्न, बरा झाल्यावर त्याला पुन्हा गाडीवरच पाठवतील का. खासगी ठेकेदाराला ते कलम २० बांधत नाही. पण मी अशा वेळी डॉक्टरांकडून ‘काही काळ प्रत्यक्ष घटनास्थळी काम देऊ नये’ असं लिहून घेतो आणि त्यावर कंपनीला अर्ज करतो: कॉल सेंटर, स्टोअर, प्रशिक्षण, काहीही. बरेचदा कंपनी देते, कारण नाकारल्याचा कागद तिला फाइलमध्ये नको असतो. तडजोडीची रक्कम घेऊन कोणी आलं तर लक्षात ठेवा, १९२३च्या कायद्याखालचा करारनामा आयुक्तांकडे नोंदवावा लागतो, आणि हक्क सोडून दिल्याचं स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं तरी कलम १७ प्रमाणे ते चालत नाही. मानपूरच्या घटनेनंतर भावानं अशा कुठल्या कागदावर आधीच सही केली असेल, तर तो कागद आणि पगारपत्रक बघितल्याशिवाय मी याहून पुढे काही सांगू शकत नाही. दोन्हींचे फोटो, नाव आणि विमा क्रमांक झाकून, इथेच टाका.